बोर्टनला आई-बाबांना घेऊन जाताय? मग स्लॉटरकडे चालायचं का विक रिसिंग्टनकडे?

दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आई-बाबा इंडियाहून येतात आणि मग मला विचारणा होते, की लंडन झालं, विंडसर झालं, आता जरा खेड्यातलं इंग्लंड दाखवायचंय, कॉट्सवोल्ड्समध्ये बोर्टन-ऑन-द-वॉटरला जातोय, पण आईचे गुडघे दुखतात तर चालायला कुठे नेऊ. तर एकदाच सगळं लिहून टाकतो. बोर्टनमधून निघणारे सोपे वॉक दोन, एक वायव्येला लोअर स्लॉटर आणि पुढे अप्पर स्लॉटर, दुसरा पूर्वेला शेतांमधून विक रिसिंग्टन. दोन्ही मी आई-बाबांना घेऊन केलेत, विक रिसिंग्टन तर दोनदा, त्यातलं एकदा नोव्हेंबरात आणि तो शुद्ध गाढवपणा होता, त्याबद्दल पुढे.

अंतर बघून ठरवू नका, कारण अंतरात फारसा फरक नाहीच. लोअर स्लॉटर दीडेक मैल, तिथून अप्पर अजून मैलभर. विक रिसिंग्टन दोन मैलांच्या आत-बाहेर. चढ म्हणावा असा कुठेच नाही. फरक आहे तो पायाखाली.

स्लॉटरचा वॉक आधी सांगतो कारण नव्वद टक्के लोक तोच करतात. गावातून निघालं की ए४२९ लागतो, हा मूळचा रोमन लोकांचा फॉस वे, नाकासमोर सरळ आणि गाड्या सुसाट, तेवढा तो जपून ओलांडायचा. मग कुरणांमधली पायवाट, बऱ्यापैकी घट्ट, स्नीकर्सवर चालून जाते. मध्ये किसिंग गेट लागतात, म्हणजे अर्धगोल कुंपणात शिरायचं, फाटक आपल्या अंगावरून पलीकडे ढकलायचं आणि बाहेर पडायचं, गुरांना ते जमत नाही म्हणून तशी रचना. आई साडीवर स्केचर्स घालून आली होती, पहिल्या गेटात पदर अडकला, दुसऱ्यापासून ती आमच्या पुढे. 'स्टाइल' म्हणून दुसरा प्रकार असतो, कुंपणाला दोन फळ्या ठोकलेल्या आणि टांग टाकून पलीकडे जायचं, गुडघेवाल्यांना तो नकोच. कुठल्या वाटेवर गेट आणि कुठे स्टाइल हे मला मॅपवरून कधी कळलं नाही, त्यामुळे नवीन वाट धरताना हे आधी कुणाला तरी विचारून घ्यावं.

स्लॉटर हे नाव ऐकून आई दचकली होती, कत्तल झाली होती का रे इथे म्हणून. नाही. ते चिखलाच्या जागेसाठी असलेल्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलंय असं म्हणतात. गंमत म्हणजे दोन्ही वॉकमध्ये हाच जास्त कोरडा.

लोअर स्लॉटर म्हणजे मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, मधून आय नावाची ओढ्याएवढी नदी, तिच्यावर बुटके दगडी पूल आणि टोकाला जुनी गिरणी, तिची विटांची चिमणी सगळ्या दगडी गावात उपऱ्यासारखी उभी. फोटोला एक नंबर. पण फोटो काढून बहुतेक लोक इथूनच मागे फिरतात आणि माझ्या मते खरी चूक तिथेच होते. पुढचा मैल जास्त छान आहे आणि गर्दी एकदम अर्ध्यावर येते. अप्पर स्लॉटरला दुकान-बिकान शोधू नका, पण तिथल्या चौकातली घरं १९०६ मध्ये लुट्येन्सने नव्याने बांधून काढली, हो, नवी दिल्लीवाला लुट्येन्सच, बाबांना हे सांगितल्यावर ते पाच मिनिटं घरांकडे मान वर करून बघत होते. आणि हे गाव दोन्ही महायुद्धांतून सुटलं, म्हणजे इथून गेलेले सगळेच्या सगळे जिवंत परत आले, तेही दोन्ही वेळा. इंग्लंडात गावोगावी युद्धात मेलेल्यांची नावं कोरलेले खांब बघितलेत ना, मग याचं वजन कळतं.

आता विक रिसिंग्टन. ही वाट म्हणजे ऑक्सफर्डशर वे नावाच्या लांबलचक पायवाटेची सुरुवात, जी पार थेम्सकाठच्या हेनलीपर्यंत जाते, आपण तिचं फक्त शेपूट धरायचं. बोर्टनच्या कडेलाच ग्रेस्टोन्स फार्म लागतं, ते आता वाइल्डलाइफ ट्रस्टकडे आहे, लोहयुगातल्या वस्तीचे बांध अजून दिसतात, आणि जूनमध्ये कुरणं गुडघाभर फुलांनी भरलेली असतात. मग डिकलर नदीवरचा पादचारी पूल, मग शेतं. स्लॉटरला जेवढी माणसं तासाला भेटतात तेवढी इथे दिवसभरात भेटली नाहीत. शेवटी गाव म्हणजे मोठ्ठी हिरवळ, बदकांचं तळं आणि जुनं चर्च, जिथे संगीतकार होल्स्ट १८९२ मध्ये पोरसवदा वयात ऑर्गन वाजवायचा. बस्स. खायला-प्यायला मिळेल असं धरून जाऊ नका, आम्ही पोळीचे रोल आणि थर्मासमधला चहा हिरवळीवर बसून संपवला.

बाबांना मात्र चर्चपेक्षा गडगा आवडला. आम्ही चिपळूणकडचे, त्यामुळे सिमेंट-मातीशिवाय नुसते दगड रचलेली भिंत बघून ते थांबलेच, हात फिरवला, एक दगड हलतो का बघितलं, हलला नाही. "आपला गडगाच की रे हा, फक्त वरची ओळ उभी लावलीय," म्हणाले, आणि मग ती उभी ओळ का लावली असेल यावर परतेपर्यंत बोलत होते. भिंती स्लॉटरच्या वाटेवरही आहेत, पण तिथे मागून कुणीतरी एक्सक्यूज मी म्हणत असतं.

आता नोव्हेंबर. ही सगळी नदीकाठची सखल कुरणं, पावसाळी दिवसांत पाणी धरून बसतात, आणि गेटापाशी गुरांनी तुडवून तुडवून नुसती लावणीची चिखलणी केलेली असते. आईचा बूट रुतला, पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. ती हसली, मी नाही, कारण अजून मैलभर चालायचं होतं आणि मोज्यांचा दुसरा जोड गाडीत. शिवाय गुरं असतात. आई प्रत्येक गाईला नमस्कार करते, पण वासरू बरोबर असलं तर इथली गाय अंगावर येऊ शकते, त्यामुळे "गाय कशाला मारेल रे" याच्यावर वाद न घालता लांबून वळसा घ्यायचा.

तर माझं मत असं. ऑक्टोबर ते मार्च स्लॉटरच, विचारसुद्धा करू नका. मे-जून असेल, आदल्या तीन-चार दिवसांत पाऊस नसेल आणि आई-बाबा शेतीतले किंवा गावाकडचे असतील, तर मी डोळे मिटून विक रिसिंग्टनला नेईन, नाही जमलं तर ग्रेस्टोन्सवरूनच मागे फिरता येतं. पहिल्यांदाच आले असतील आणि व्हॉट्सॲपवर घरी फोटो पाठवायचे असतील तर स्लॉटर, पण अप्परपर्यंत जा. गुडघे फारच कुरकुरत असतील तर बोर्टनमध्येच विंडरश नदीच्या काठाने फिरा आणि १९३७ चं मॉडेल व्हिलेज बघा, सगळं गाव नवव्या हिश्श्यात, चालायचा प्रश्नच नाही.

गाडीने जाणार तर दहाच्या आत पोचा, नंतर पार्किंगसाठीच जास्त चालावं लागतं. ट्रेनने पॅडिंग्टन किंवा रीडिंगहून मोर्टन-इन-मार्श, तिथून ८०१ नंबरची बस, पण रविवारी टाइमटेबल बघितल्याशिवाय निघू नका. कागदी मॅप लागत असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा (ओएस, इथली सरकारी नकाशा-संस्था) ओएल४५ नंबरचा. टॉयलेट बोर्टनमध्येच उरकून घ्या. आणि मोज्यांचा दुसरा जोड गाडीत नाही, पाठीवरच्या सॅकमध्ये.