तीस दिवसांत कादंबरी : बाराशे रुपयांत काय मिळालं

महिन्याभरात कादंबरी लिहून घेणारा एक ऑनलाइन कोर्स केला. आधी हिशेब सांगतो. फी १,२०० रुपये, मुदत ३० दिवस. रोज पहाटे साडेपाचला व्हॉट्सॲपवर एक 'आव्हान', रविवारी रात्री झूमवर तासभर बैठक आणि शेवटी आपल्या लिखाणातल्या हजार शब्दांवर लेखी अभिप्राय. महिनाअखेर माझ्याकडे २३,४०० शब्द, बुटाच्या खोक्यात ४१ चिठ्ठ्या आणि फोनच्या यादीत आईला केलेले अकरा कॉल जमा होते. कोर्सचं नाव लिहीत नाही. चालवणारे दोघं तरुण आहेत, त्यांचं पोट त्याच्यावर आहे.

मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. बेदाण्याच्या शेडवर कादंबरी लिहायची हे २०१३ पासून डोक्यात आहे. पहिलं प्रकरण सात वेळा लिहून झालंय, दुसरं एकदाही नाही. बायकोने जाहिरात दाखवली आणि म्हणाली, "पोरांना एवढा गृहपाठ देता, एकदा स्वतः करून बघा."

आमची तुकडी सुरू झाली १ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाच्या पहाटे. इकडे उटण्याचा वास आणि तिकडे फोनवर 'तुमची कथा पंचवीस शब्दांत सांगा'. मी विचारलं, नोव्हेंबरच का? कारण अमेरिकेतलं आहे. तिथे ख्रिस बेटी नावाच्या माणसाने १९९९ मध्ये वीसेक मित्रमंडळी जमवून महिन्यात कादंबरी लिहायचा घाट घातला. पहिलं वर्ष जुलैमध्ये झालं. पुढच्या वर्षीपासून ते नोव्हेंबरला नेलं, कारण तिकडे तेव्हा हवा वाईट असते आणि माणूस घरात बसतो. तेच पुढे नॅनोरायमो म्हणून जगभर पसरलं. ५०,००० शब्द, तीस दिवस, रोजचे १,६६७. आखणी करायची ती आदल्या ऑक्टोबरात. ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण महिना आणि आकडा इथे तसाच उतरलाय. आपल्याकडे त्या दिवसांत कोण घरात बसतं? पाहुण्यांची रीघ असते, आणि आमच्या भागात छाटणी झालेल्या द्राक्षबागा फुलोऱ्यात असतात, रोज आभाळाकडे बघत फवारणी चालू असते.

आमच्या कोर्समध्ये पहिले दहा दिवस आखणीचे आणि पुढचे वीस लेखनाचे होते. रोजचा आकडा मात्र तोच, १,६६७. वीस गुणिले १,६६७ म्हणजे ३३,३४०. पन्नास हजार होतात कुठे? पाचवीचं पोरगंही हे विचारेल. मी ग्रुपवर विचारलं तर उत्तरादाखल दोन टाळ्या आणि एक रॉकेट आलं.

आता जे चांगलं होतं ते सविस्तर सांगतो, कारण पैसे वसूल झाले ते तिथेच.

चौथ्या दिवसाचं आव्हान होतं : 'तुमच्या मुख्य पात्राच्या हाताला दिवसभरात लागलेल्या दहा वस्तू लिहा.' भाऊबीजेला बहिणीकडे विट्याला गेलो होतो, रात्री तिथेच राहिलो. सकाळी चहा घेत लिहायला बसलो. माझं मुख्य पात्र म्हणजे शेडमालक. वादळी पावसात माल भिजतो आणि तो बुडतो, अशी कथा. लिहिलं : किल्ल्या, वही, बुलेटचं हँडल, तंबाखूची डबी. पाचवी वस्तू सुचेना. अर्धा तास गेला. मग आईला फोन लावला. ती तेरा-चौदा वर्षं शेडवर कामाला होती. म्हटलं, मालक दिवसभर काय काय हाताळायचा गं?

"मालकाच्या हाताला काय लागत हुतं ते मालकाला इचार. माझ्या हाताचं इचार, सांगते."

आणि सांगायला लागली. घमेलं. जाळीची कड, ती तळव्याला कापायची. बोटांना गुंडाळलेली लुगड्याची चिंधी. चाळण. गंधकाची धुरी दिलेल्या मालाची धूळ, ती डोळ्यांना लागायची म्हणून मनगटाने पुसायचं, बोटाने नाही. मी विचारलं, खायचीस का बेदाणे? "पयले दोन दिस खातंय माणूस. मग वासबी नको हुतो." संध्याकाळपर्यंत बोटं एकमेकांना चिकटायची म्हणे. घरी आल्यावर आधी चुलीतल्या राखेनं हात घासायचे, मग बहिणीला पाजायला घ्यायचं. फोन स्पीकरवर होता. बहीण पोहे परतत होती, ती म्हणाली, "तरीच मला शिरा बिनबेदाण्याचा लागतो."

दहाच्या जागी सतरा वस्तू झाल्या आणि त्यातली एकही मालकाची नव्हती. अकरा वर्षं मी ज्या माणसावर लिहीत होतो त्याला मी फक्त दारातून बघितलं होतं, निवडणाऱ्या बायांमध्ये बसून. त्या दिवशी वहीतलं मालकाचं नाव खोडलं. आता कादंबरी निवडणीवरच्या एका बाईची आहे. मालक आहे, पण ती बघते तेवढाच. ह्या एका आव्हानाचे मी हजार रुपये धरतो.

दुसरं चांगलं आव्हान नवव्या दिवसाचं. एक प्रसंग, एक चिठ्ठी. किती होतील तेवढे लिहा आणि जमिनीवर क्रमाने मांडा. जुन्या चाचणीच्या कोऱ्या बाजू कापून मी ४१ चिठ्ठ्या केल्या आणि वर्गातल्या सतरंजीवर मांडल्या. द्राक्षं सोड्याच्या पाण्यात बुडवणं (आमच्याकडे सोडा म्हणतात, आहे ते पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल), जाळ्यांवर पसरणं, पंधरवडाभर वाळवण, धुरी, चार किलोचा एक किलो होणं, निवडणी, सौदे, सगळं आलं. मग मोजलं. पावसाच्या आधीच्या चिठ्ठ्या ३५, नंतरच्या ६. त्या सहांतल्या दोन नुसत्या 'रडारड'. पाऊस पडून माल काळा पडल्यावर पुढे काय, ते मला ठाऊकच नव्हतं. पहिलं प्रकरण सात वेळा का लिहिलं, ह्याचं उत्तर सतरंजीवर पडलं होतं. मी उगाच भाषेला दोष देत बसलो होतो. नंतरच्या सगळ्या फोनमध्ये आईला एकच विचारलं : दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलंत? तिसऱ्या दिवशी? हजेरीचे पैसे मिळाले का?

आता तक्रारी.

निम्मी आव्हानं सरळसरळ इंग्रजीवरून उतरवलेली. सहाव्या दिवशी आलं : 'तुमच्या पात्राची कमान काढा.' माझ्या डोळ्यांसमोर गावच्या वेशीवरची कमान आली, सुस्वागतम लिहिलेली, आमदारांच्या फोटोसकट. पात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं बदलतं एवढंच विचारायचं होतं, हे मला आठव्या दिवशी कळलं. एकदा विचारलं, 'नायकाच्या तळघरात काय लपलंय?' आमच्याकडे कुणाच्या घराला तळघर? मी माळा धरला आणि त्यात आजीची तांब्याची घागर सापडली, ते सोडा. पण प्रत्येकाने रोज आपापलं भाषांतर करत बसायचं तर फी कशाची घेता?

खरी गंमत आकड्याची झाली. ११ तारखेपासून रोज रात्री दहाला तक्ता यायचा. १,६६७ गाठले तर हिरवी खूण, नाही तर लाल फुली, नावासकट. वीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शाई वापरलेला माणूस मी. ती फुली कशी लागते ते शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

पण हा आकडा मराठीचा नाहीच. फोन किंवा कॉम्प्युटर शब्द मोजतो तो मधल्या जागांवरून. आपण विभक्ती, शब्दयोगी, 'च' नि 'सुद्धा' सगळं शब्दालाच चिकटवतो. 'निवडणाऱ्यांच्यासुद्धा' हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याला पाच लागतील. तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दांत मावतो, म्हणजे १,६६७ मराठी शब्द हे जास्त लिखाण झालं. हे लक्षात न घेता आकडा लावला की काय होतं? माणसं शब्द पातळ करतात. 'करतात'चं 'करण्यात येत आहे' होतं. तुकडीतल्या एकाने तर संवादांवर दिवस काढले. "हो." "हो?" "हो ना." तीन ओळी, चार शब्द, खाली हिरवी खूण. मीही धुतल्या तांदळासारखा नाही. पंधराव्या दिवशीचं माझं वाक्य : 'ती हळूहळू चालत चालत चालू लागली.' वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं.

२० नोव्हेंबर. विधानसभेचं मतदान. मला मतदान अधिकारी क्रमांक दोन नेमलेलं, म्हणजे बोटाला शाई लावणारा. आदल्या दिवशी यंत्रं घेऊन केंद्रावर मुक्काम. दुसऱ्याच एका गावची शाळा, भिंतीवर पाढे, कोपऱ्यात आमच्या वळकट्या. पहाटे उठून अभिरूप मतदानाची, म्हणजे यंत्र तपासायच्या चाचणी मतदानाची, तयारी करताना फोन बंद करायच्या आधी आव्हान वाचलं : 'पात्राला एका खोलीत अडकवा, बाहेर पडता येणार नाही.' मी हसलो, शेजारचे केंद्राध्यक्ष वैतागले. दिवसभर बोटं बघितली. रोजगारावरच्या बायांची बोटं शाईला वेगळी असतात. नखाच्या कडेला चिरा, शाई त्यात उतरते. रात्री यंत्रं जमा करायच्या रांगेत एसटीत बसून डायरीत पेन्सिलने तीनशे शब्द लिहिले. पाऊस पडतोय, शेडमध्ये नऊ बाया अडकल्यात, बाहेर मालक ताडपत्री ओढतोय आणि आत कुणी उठत नाही, कारण हजेरी संपलीय. महिन्याभरातलं माझं सगळ्यात बरं लिखाण हेच. तक्त्यात लाल फुली.

रोज लिहिण्याला माझा विरोध नाही. आपल्याकडे रतीब जुनाच आहे. हरिभाऊ आपटे १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिक चालवत आणि त्यात आपल्या कादंबऱ्या क्रमशः देत. पण तो रतीब आठवड्याचा, आणि समोर वाचणारे लोक. इथे रोज साठ माणसं आकडा टाकतात आणि कुणीच कुणाचं वाचत नाही. रविवारच्या बैठकीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तासातला अर्धा वेळ 'आवाज येतोय का' ह्यात जायचा.

अभिप्राय पंधरा दिवसांत येणार होता, आला सात आठवड्यांनी. 'भाषा ओघवती आहे. पात्रं जिवंत वाटतात. संशयाची सुई आणखी फिरवता आली तर उत्कंठा वाढेल.' माझ्या कादंबरीत संशय नाही, सुई तर नाहीच. तुकडीतल्या एका ताई पुण्यातल्या खुनाची गोष्ट लिहीत होत्या, त्यांना विचारलं. त्यांनाही अक्षर न् अक्षर हेच. दोनदा मेल केला, उत्तर नाही.

त्या ताई, अजून दोघं आणि मी असा चौघांचा वेगळा ग्रुप मात्र झाला. आठवड्याला एकाने सातशे-आठशे शब्द टाकायचे आणि बाकीच्यांनी रविवारपर्यंत वाचून फोन करायचा. आकडा कुणी विचारत नाही. ताईंनीच सांगितलं की माझी बाई तिसऱ्या प्रकरणात माझ्यासारखी, मास्तरासारखी बोलते. बरोबर होतं. पावसानंतरच्या चिठ्ठ्या आता सहाच्या एकोणीस झाल्यात.

तर पाचापैकी तीन तारे. तिन्ही पहिल्या दहा दिवसांचे. तुमच्याकडे विषय असेल आणि गाडी पहिल्याच प्रकरणात रुतली असेल तर घ्या. दहाव्या दिवशी सूचनांचा आवाज बंद करा आणि आपल्या गतीने लिहा. तुकडी निवडता येत असेल तर दिवाळीची टाळा. विषयच नसेल तर आव्हानातून तो निघत नाही. आमच्यातले निम्मे तिथेच गळाले. आणि अभिप्राय मिळणार ह्या आशेवर पैसे भरू नका.

परवा फोन आला होता, 'लेव्हल टू' साठी. फी ४,९९९. मी विचारलं, ह्यात अभिप्राय माणूस वाचून देणार का?

"सर, ऑफर फक्त रविवारपर्यंतच आहे."