वाडीतली शाळा की कर्णबधिरांची निवासी शाळा? आमच्या लेकीपुरता हिशेब

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), कानाचं यंत्र या सगळ्यातून तुम्ही गेलाच असाल, म्हणून ते सोडून देतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मूल सहा वर्षांचं झालं, ऐकू फार थोडं येतं, आणि जूनमध्ये त्याला बसवायचं कुठे?

आम्ही गुहागर तालुक्यातले, खाडीच्या अंगाचे. आमच्या लेकीने पहिली-दुसरी वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली आणि गेली दोन वर्षं ती शहरातल्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत आहे. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, त्यामुळे कुणाला उगाच नावं ठेवायची नाहीत. तुमच्या मुलाचं ऐकणं हिच्यापेक्षा बरं असेल, किंवा कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र, लहानपणीच झालं असेल, तर माझं म्हणणं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

तिसरा पर्याय होता तो बाजारपेठेतल्या इंग्रजी माध्यमाचा. तिथे 'आमच्याकडे सोय नाही' हे चहा येण्याआधीच ऐकलं. असं म्हणून दिव्यांग मुलाला परत पाठवता येत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण जिथे दारातच कपाळाला आठ्या तिथे पोर दिवसभर कसं बसवायचं? तो विषय तिथेच संपला.

निवडीचा हक्क मात्र नीट समजून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकता येतं, आणि कुठे ते आपण ठरवायचं. मला एका टेबलावर 'वाडीत शाळा असताना एवढ्या लांब कशाला' आणि दुसऱ्यावर 'आधी गावच्या शाळेचं बघा' असं सांगितलं गेलं. दोन टेबलं दोन वेगळ्या खात्यांची. साधी शाळा शिक्षण विभागाकडे. विशेष शाळा पूर्वी समाजकल्याणकडे आणि डिसेंबर 2022 पासून नव्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. त्यामुळे तोंडी काही बोलू नका. अर्ज द्या, त्यात कलमाचा आकडा घाला, आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय जिना उतरू नका.

आता वाडीतली शाळा. पट अकरा, शिक्षक दोन. पाखाडी उतरली की शाळा, घंटा आमच्या खळ्यात ऐकू येते, म्हणजे आम्हाला येते. दुपारी खिचडी खाऊन पोरं समोरच्या काजूखाली. दोन महिन्यांत त्यांनी हिच्यासाठी आपापल्या खुणा तयार केल्या. मिशीवरून बोट फिरवलं की मोठे गुरुजी. शिमग्याला पालखी आली की ही सगळ्यांत पुढे, ढोल पायाखालून कळतो म्हणून. रात्री आजीच्या कुशीत. हे सुख कुठल्याच वसतिगृहात नाही आणि मी त्याची किंमत कमी लावत नाही.

अडचण पावसात सुरू झाली. वर्गावर पत्रा. यंत्र आवाज निवडत नाही, समोर येईल तो सगळा मोठा करतं. जून ते सप्टेंबर तिच्या कानात गुरुजी कमी आणि पत्राच जास्त. ओठांकडे बघून थोडंफार समजायचं, पण गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलत, आणि दोघांत चार-पाच इयत्ता सांभाळायच्या म्हटल्यावर त्यांना तरी दोष किती द्यायचा? त्यात खारी दमट हवा. रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवूनही श्रावणात दोनदा बंद पडलं, आणि दुरुस्तीला गेलेलं यंत्र गणपती होऊन गेले तरी आलं नाही.

समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षिका येत. बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा की पहिल्या वर्षी पावसाळ्यात मी मोजल्या तर सहा फेऱ्या झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. आमच्या शाळेत असं मूल एकच, तेव्हा बाईंची दहा मुलं दहा वाड्यांत विखुरलेली. कोकणात हा हिशेब एसटीच्या वेळापत्रकावर अडतो.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं मन फिरलं ते एका वाक्याने. कधीही शाळेत गेलो, लेक कशी आहे विचारलं, की उत्तर एकच: "काय त्रास नाय हो तिचा." पहिले काही महिने मला ते ऐकून बरं वाटे. मग तिची वही उघडली. अक्षर असं की छापल्यासारखं. फळ्यावरचं एक काना-मात्रा इकडचं तिकडे नाही. गुरुजी ती वही तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवत. मी त्याच पानावरच्या 'माझी आई' या धड्यातल्या 'आई' शब्दावर बोट ठेवलं आणि खुणेने विचारलं, हे काय? तिने माझ्याकडे बघितलं आणि तो शब्द पुन्हा सुंदर लिहून दाखवला. दोन वर्षं ती चित्रं काढत होती. त्रास नव्हता कारण ती वर्गात नव्हतीच, फक्त हजेरी होती.

तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला गेलो तर अडवणूक झाली ती वेगळ्याच कारणाने. पट अकराचा दहा होणार. मुंबईला गेलेल्या घरांना कुलपं, शाळा बंद पडायची भीती खरी, आणि गावकीतल्या एकाने सरळ म्हटलं, "बायला (पोरीला) नेलीस तर आमच्या पोरांची शाळा जाईल." यावर मला आजही धड उत्तर नाही. तीन आठवडे आणि दोन लेखी अर्जांनंतर दाखला मिळाला.

निवासी शाळेची वाईट बाजूही सांगतो. पहिल्या रविवारी तिला सोडून येताना आम्ही नवरा-बायको घरापर्यंत एक शब्द बोललो नाही. तिथे तिला काही महिने खालच्या वर्गात बसवलं, म्हणजे वर्ष गेल्यातच जमा. जेवण साधं, मासे आठवड्याला एकदा, आणि आमच्या लेकीला मासळीशिवाय घास उतरत नाही. एसटीत तिला 75 टक्के सवलत आहे, तरी दर पंधरा दिवसांनी आणायचं-सोडायचं म्हणजे आमची बुडालेली रोजंदारी सवलतीत बसत नाही. आणि दिवाळीला घरी आली तेव्हा ती खुणांच्या भाषेत भराभर काहीतरी सांगत होती आणि आजीला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तेव्हा घरात बहिरे आम्ही होतो.

तरीही तिथे सहाव्या महिन्यात 'आई' शब्दावर बोट ठेवलं तर तिने स्वयंपाकघराकडे हात केला. यंत्राचा साचा कानाला घट्ट झाला तर शाळेतच माप घेतलं जातं. आणि गेल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लाल शाईने लिहिलंय: 'वर्गात फार गप्पा मारते.' त्याखाली पालकांची सही लागते, ती मी केली.

सगळ्याच विशेष शाळा अशा असतील असं म्हणवत नाही. काही ठिकाणी खुणा करू देत नाहीत, बोलण्यावरच भर असतो. काही मुलांना तेही मानवतं. बघायला जाल तेव्हा कार्यालयात बसू नका, मधल्या सुट्टीत अंगणात उभे राहा. मुलं एकमेकांशी भांडताहेत का, मोठी मुलं लहानांना गोष्टी सांगताहेत का, हे बघा. रात्री वसतिगृहात कोण झोपतं आणि त्यांना खुणा येतात का, हेही विचारा. आम्ही विचारायचं विसरलो होतो, पण नशिबाने काकू चांगल्या निघाल्या. आणि जायचंच असेल तर आमच्यासारखी दोन वर्षं थांबू नका. भाषा जेवढी लवकर हाती लागेल तेवढं बरं, एवढं मात्र मी जरा जोर देऊन सांगेन.

तिची शाळा सातवीपर्यंतच आहे. पुढे आठवीला पुन्हा साधं हायस्कूल आणि पुन्हा फळ्याकडे तोंड केलेले गुरुजी. त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये परीक्षेला जादा वेळ आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. त्या अर्जाचा मसुदा मी आत्ताच लिहून ठेवला आहे. तारखेची जागा तेवढी कोरी आहे.