इम्प्लांटच्या ब्रिजखाली साफ करायला सुपरफ्लॉस, आमचा अनुभव

आईच्या खालच्या दाढांच्या जागी इम्प्लांटवर (जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूंवर) ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेले कृत्रिम दात, बसवलाय, तिच्यासाठी ओरल-बीचं सुपरफ्लॉस आणलं आणि खरंच कामाची वस्तू आहे. साधा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) ब्रिजखालून जातच नाही ना, याला एक टोक कडक असतं, ते गालाच्या बाजूने ब्रिजखाली घालायचं आणि जिभेच्या बाजूने ओढून घ्यायचं, मग मधला स्पंजसारखा फुगीर भाग इम्प्लांटच्या गळ्याशी, म्हणजे तो हिरडीतून वर येतो तिथे, हळू मागेपुढे फिरवायचा, पोह्याचे कण, पालेभाजीचे दोरे सगळं निघतं. हिरडीत जोरात खुपसू नका. आरशासमोर चांगल्या उजेडात करा, आई आता सराईतपणे करते.

इम्प्लांटला कीड लागत नाही म्हणून लोक बिनधास्त राहतात, पण भोवतीची हिरडी सुजली आणि दुर्लक्ष केलं तर खालचं हाड झिजू शकतं आणि सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळे ब्रश करताना रक्त दिसलं तर सरळ डेंटिस्टकडे जा. आणि हो, सोबत बारीक इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत घालायचा तारेचा छोटा ब्रश) वापरत असाल तर प्लास्टिकचं कोटिंग असलेल्या तारेचाच घ्या, उघड्या तारेने टायटॅनियमवर ओरखडे पडू शकतात.

गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही, ऑनलाइन मागवा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.