नव्या झाडाच्या क्वारंटाइनसाठी पिवळे चिकट सापळे: घ्यावेत का?

घ्यावेत. फक्त त्यांच्यावर सगळा भार टाकू नये.

आमच्या कोथरूडच्या घरी खिडकीशी होया आणि अँथुरियम या शोभेच्या झाडांची दाटी आहे, म्हणून कीड पसरू नये यासाठी नवं झाड मी थेट त्यांच्यात नेत नाही. ते मागच्या खोलीत ३ ते ४ आठवडे एकटं राहतं. त्याची झारी वेगळी, कात्री वेगळी, बशी वेगळी, आणि पाणी घालताना त्याची पाळी सगळ्यात शेवटी. कुंडीत पहिल्या दिवसापासून पिवळा सापळा, म्हणजे उडणारे किडे चिकटावेत म्हणून गोंद लावलेली पिवळी पट्टी, खोचलेला असतो.

ऑनलाइन फुलपाखराच्या आकाराचे मिळतात. दिसायला छान, पण पैसे आकाराचेच जातात. मी मार्केट यार्डाजवळच्या कृषी सेवा केंद्रातून शेतात लावायचे मोठे सापळे आणते आणि वरचा कागद न काढता कात्रीने पट्ट्या कापते. तिथले दुकानदार म्हणाले, "ताई, फुलकिडे असतील तर निळेपण न्या." बरोबर आहे त्यांचं. पांढरी माशी, मावा आणि मातीतली काळी चिलटं पिवळ्यावर येतात. फुलकिड्यांना निळा जास्त ओढतो.

चिलटांच्या बाबतीत हा सापळा फारच उपयोगी. नर्सरीतलं झाड बहुधा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतं आणि पुण्याच्या पावसाळ्यात ते दिवसचे दिवस वाळत नाही. चिलटं त्यातच अंडी घालतात. अळ्या आत बुरशी आणि कोवळी मुळं खातात. अंड्यापासून माशी व्हायला साधारण ३ ते ४ आठवडे लागतात. म्हणजे आठवडाभर काही दिसलं नाही म्हणून झाड आत घेतलं, तर पुढची पिढी घरात उडणार. पट्टी मातीच्या अगदी जवळ लावावी, मागे तारीख लिहावी आणि दर आठवड्याला बदलावी. नव्या पट्टीवर कमी माशा दिसल्या की समजावं, वरची माती वाळू देण्याचा उपाय लागू पडतोय. अळ्यांना मात्र पट्टी काहीच करत नाही.

आता खरी अडचण. पिठ्या ढेकणाच्या मादीला पंख नसतात, लाल कोळी या पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीलाही नसतात, आणि खवले कीड तर एका जागी चिकटूनच बसते. झाड किडींनी भरलेलं असलं तरी पट्टी कोरी राहू शकते. होयाचा मोठा वैरी हा पिठ्याच, त्यामुळे कोरी पट्टी बघून मी कधीच निश्चिंत होत नाही. भिंग घेऊन पानांची खालची बाजू आणि देठांचे सांधे बघते, पांढऱ्या कागदावर पान झटकते, आणि झाड अलगद कुंडीबाहेर काढून मुळांवर पांढरी मेणचट पूड आहे का तेही पाहते. पिठ्या दिसला की कापसाने सर्जिकल स्पिरिट. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात कोळी झपाट्याने वाढतो. तेव्हा भिंग रोज हातात असावं.

गोंद चिवट आहे. पाण्याने जात नाही, खोबरेल तेलाने निघतो. आणि मोठा सापळा भिंतीवर कृपा करून लावू नका, पाली चिकटतात आणि तडफडतात. बोटभर रुंदीची पट्टी कुंडीतच पुरेशी होते.