जुन्या पद्मिनीचे सुटे भाग: क्रोम, झिंक की हात न लावलेलं बरं?

प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटारगाडी पुन्हा उभी करायला घेतली की इंजिनाचा आणि पत्र्याचा खर्च सगळेच धरून चालतात. बजेट कोलमडतं ते बारक्यासारक्या सामानात: हँडलं, हेडलाइटच्या रिंगा, बिजागऱ्या, नटबोल्ट. सगळं एका पिशवीत भरून प्लेटिंगवाल्याकडे टाकावं आणि ‘चकाचक करून द्या’ म्हणावं असा मोह होतो. तसं करू नका. आधी खालचा धातू ओळखा, मग मुलामा ठरवा. कारण भागाची वाट लागते ती बहुतेकदा जुना मुलामा उतरवताना, नवा चढवताना नव्हे.

ओळखायला लोहचुंबक पुरतं. घट्ट चिकटलं तर पोलाद. नाही चिकटलं तर मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला कानस मारून बघा. पिवळं दिसलं तर पितळ. करडं-पांढरं दिसलं आणि हाताला जड लागलं तर झिंकचं डायकास्टिंग, म्हणजे ओतीव जस्त.

पोलाद आणि पितळ यांना क्रोम बिनधास्त करून घ्या. फक्त एक ध्यानात ठेवा: आपण ज्याला क्रोम म्हणतो त्यात क्रोम नावालाच असतं, साधारण ०.२ ते ०.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खरं काम त्याखालच्या निकलचं. ते १० ते ३० मायक्रॉन असावं लागतं आणि चकाकी, गंजापासून बचाव, दोन्ही त्याच्याकडूनच मिळतं. निकलच्या खाली तांबं. म्हणून भाव विचारण्याआधी ‘तांबं, निकल, क्रोम तिन्ही देता ना?’ हे विचारा. पोलादावर नुसतं पातळ निकल मारून वर क्रोमचा हात फिरवला, तर पहिल्याच पावसाळ्यात तपकिरी ठिपके येतात. दुसरं म्हणजे बफिंग, म्हणजे प्लेटिंगआधी भाग घासून गुळगुळीत करणं. खाली राहिलेला प्रत्येक ओरखडा क्रोमनंतर जास्तच उठून दिसतो. पैसे खरे तिथेच लागतात.

डायकास्टचं प्रकरण वेगळं. दाराच्या हँडलवर बारीक फोड दिसतात ना, नखाने एखादा उचकटून बघा. क्रोमची टिकली निघते आणि खाली पांढरी पूड असते. जस्त आतून खाल्लं गेलेलं असतं. असा भाग ॲसिडच्या टाकीत गेला की ॲसिड त्या भोकांतून थेट जस्तावर जातं आणि खड्डे आणखी खोल होतात. जाणता कारागीर खड्डे कोरून साफ करतो, तांब्याचा पहिला थर सायनाइडच्या टाकीत देतो (तांबं आम्लाच्या टाकीत दिलं तर जस्तच विरघळू लागतं), मग तांबं चढव, घास, पुन्हा चढव, असं खड्डे भरेपर्यंत चालतं. याची मजुरी मूळ भागाच्या किमतीच्या वर सहज जाते. त्यामुळे फोड चार-दोन असतील तर प्लेटिंग करा. हँडल चाळणी झालं असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बरा जोड शोधा. आणि क्रोम नुसतं मळलेलं असेल तर पॉलिश लावून सोडून द्या. थोडं जुनं दिसलं तर बिघडत नाही.

नटबोल्ट, पट्ट्या, बॉनेटचं लॅच यांना झिंक. हे घरी करता येतं का? येतं. पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बोल्ट टाकला की जुनं झिंक फसफसतं. फसफस थांबली की लगेच बाहेर काढायचा, नाहीतर ॲसिड पोलादावर सुरू होतं. काम उघड्यावर करा, चष्मा-हातमोजे घाला, जवळ शेगडी नको, कारण निघणारा वायू हायड्रोजन असतो. नव्या मुलाम्याच्या द्रावणाला लागणारं झिंक सल्फेट कृषी सेवा केंद्रात मिळतं. पण घरचा मुलामा मळकट करडा येतो आणि पॅसिव्हेशन (झिंकला जपणारा वरचा पातळ रासायनिक थर) नसेल तर दमट हवेत त्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखी पूड येते. कारखान्यात हेच काम बॅरलमध्ये, म्हणजे फिरत्या पिंपात, किलोच्या भावात होतं, वर पिवळं किंवा निळसर पॅसिव्हेशनही मिळतं. मी तरी झिंक बाहेरच देईन. घरी फक्त गंज काढेन, तोही सायट्रिक ॲसिडने.

क्रोम मात्र घरी अजिबात नाही, उतरवायलाही नाही. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उलटा करंट देऊन क्रोम काढण्याची युक्ती सांगणारे भेटतात. ते पाणी पिवळं होतं ते हेक्साव्हॅलंट क्रोमियममुळे. त्याने कॅन्सर होतो, आणि ते मोरीत ओतायची सोय नाही. स्प्रेच्या डब्यातल्या ‘क्रोम’बद्दल एवढंच, की तो रंग आहे.

स्प्रिंगा आणि १०.९, १२.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट त्या ढिगातून आधी बाजूला काढा. ॲसिड आणि प्लेटिंग दोन्हींत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि असा बोल्ट ताण आल्यावर अचानक तुटतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर काही तास भाजले तर धोका कमी होतो, पण छोट्या जॉबला कोण भट्टी लावणार? ब्रेकचे आणि सस्पेन्शनचे बोल्ट नवेच घ्या, स्प्रिंगांना फॉस्फेट करून तेल लावा.

देताना प्रत्येक भागाचा फोटो काढा आणि नग मोजून लिहून घ्या. बॅरलमधून बारके वॉशर हमखास गळतात. आट्यांचंही सांगून ठेवा. ८ मायक्रॉन झिंक चढलं की आट्याचा पिच व्यास (दातांच्या उतारावर मोजलेला) साधारण ३२ मायक्रॉनने वाढतो, आणि मुळात टाइट बसणारा नट मग हाताने फिरत नाही. मोठ्या भागांच्या आतल्या आट्यांत रबरी बुचं आपणच बसवून दिलेली बरी.