मसल स्पायकरबॉक्स: बेटकुळीचा आवाज ऐकवणारी डबी

नववी ते बारावीच्या मुलांकडून मेंदूविज्ञानाचा पहिला प्रकल्प करून घ्यायचा असेल, तर बॅकयार्ड ब्रेन्स या कंपनीचा मसल स्पायकरबॉक्स घ्यावा. स्नायूतले विजेचे क्षीण संकेत मोठे करणारा, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा हा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. दंडाची बेटकुळी फुगवली की रेडिओचं स्टेशन लागत नसताना येते तशी खरखर स्पीकरमधून येते, आणि स्पाइक रेकॉर्डर या मोफत अ‍ॅपमध्ये आलेख उमटतो. याच कंपनीचा झुरळाच्या पायातले संकेत ऐकवणारा न्यूरॉन स्पायकरबॉक्स प्रात्यक्षिकाला झकास, पण पहिल्या प्रकल्पाला नको. झुरळं सांभाळा, बर्फाच्या पाण्यात बधिर करा, आणि पाय सुकला की संकेतही गेला.

जोडणी सोपी: दोन लाल क्लिपांचे इलेक्ट्रोड (संकेत टिपणाऱ्या, त्वचेवर चिकटवायच्या चकत्या) बेटकुळीच्या मध्यावर, स्नायूच्या लांबीच्या दिशेने, केंद्रांमध्ये २ सेंमी अंतर ठेवून, काळ्या क्लिपचा तळहाताच्या मागच्या बाजूला. आधी त्वचा स्पिरिटने पुसायची. तेल किंवा क्रीम राहिलं की इलेक्ट्रोड सुटतो आणि आलेखभर ५० हर्ट्झची एकसारखी लाट दिसू लागते. ती घरातल्या विजेची. लॅपटॉपचा चार्जर काढा (सुरक्षिततेसाठीही), ट्यूबलाइट आणि एक्स्टेंशन बोर्डापासून लांब बसा. एवढ्याने भागत नसेल तरच ५० हर्ट्झचा फिल्टर लावा. स्नायूचा संकेत साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे फिल्टर त्यातलाही थोडा भाग खातो.

खरी मेहनत प्रश्न आखण्यात आहे. ‘वजन वाढलं की संकेत वाढतो का?’ हा प्रश्न पुरे. कोपर ९० अंशांत, हातात अर्ध्या, एक आणि दोन लिटर पाण्याची बाटली, प्रत्येक वजन ५ सेकंद, तीनदा, मध्ये मिनिटभर विश्रांती. मुलं हमखास हलक्याकडून जडाकडे जातात. तसं केलं की शेवटच्या बाटलीपर्यंत हात थकतो, आणि वाढलेला संकेत वजनाचा की थकव्याचा हे सांगता येत नाही. म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. रेकॉर्डिंग चालू असताना लॅपटॉपवर आकड्याची कळ दाबली की खूण पडते. कुठली बाटली कुठे, हे नंतर शोधत बसावं लागत नाही.

दोन मुलांचे आकडे थेट शेजारी मांडू नका. त्वचेखालची चरबी आणि इलेक्ट्रोडची जागा बदलली की आकडा बदलतो. आधी प्रत्येकाने पूर्ण ताकदीने स्नायू आवळल्यावर येणारा संकेत नोंदवा आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत मांडा. रेकॉर्डिंगची डब्ल्यूएव्ही फाइल पायथॉनमध्ये उघडून मधल्या ३ सेकंदांचा आरएमएस (संकेत सरासरी किती मोठा, ते सांगणारा आकडा) काढता येतो.

उणीव म्हणाल तर एकच चॅनल. दंडाचा पुढचा आणि मागचा स्नायू एकदम पाहायचा असेल तर हा बॉक्स पुरत नाही. परदेशातून मागवताना शिपिंग आणि कस्टम ड्यूटी धरून हिशेब करा. इलेक्ट्रोड मात्र तिकडून मागवू नका. सर्जिकलच्या दुकानातले ईसीजीचे बटणवाले चालतात. उघडलेलं पाकीट घट्ट दुमडून ठेवा, जेल वाळलं की पुन्हा तीच ५० हर्ट्झची लाट.