प्रॉक्समॉक्स: तीन सर्व्हर, चाळीसेक मशीनं, एक खिडकी

आमच्या ऑफिसात व्हर्च्युअल मशीनांचा, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरच्या पोटात चालणाऱ्या अनेक आभासी कॉम्प्युटरांचा, हिशेब बरीच वर्षं एका एक्सेल शीटमध्ये होता. कुठलं मशीन कुठल्या सर्व्हरवर, रॅम किती, कुणी मागितलं होतं. शीटचं नाव आधी ‘फायनल’, मग ‘फायनल नवीन’, मग ‘हीच वापरा’. त्यातली निम्मी मशीनं केव्हाच मेलेली, आणि जी जिवंत होती त्यांतल्या काहींची शीटला खबरच नव्हती. सर्व्हर तीन, त्यांचे पत्ते तीन, पासवर्ड तीन आणि बघणारी मी एकटी.

प्रॉक्समॉक्सकडे, म्हणजे अशी मशीनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, वळले ती हौस म्हणून नव्हे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर, म्हणजे आमच्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरची कंपनी, विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद झालं, तेव्हा पर्याय शोधणं भागच पडलं. प्रॉक्समॉक्स हे व्हिएन्नातल्या कंपनीचं, २००८ पासूनचं. खाली डेबियन लिनक्स, मशीनं चालवायला केव्हीएम, हलक्या कामांसाठी एलएक्ससी कंटेनर, सगळं ओपन सोर्स. एवढं वाचून माहीत होतं. वापरायला लागल्यावर आवडलं ते वेगळंच. सगळ्या सर्व्हरांवर नजर ठेवायला आणखी एक मॅनेजमेंट सर्व्हर उभा करायचा, तर मग त्याच्यावर नजर कोण ठेवणार? इथे ती भानगडच नाही. ब्राउझरमध्ये तिन्हींपैकी कुठल्याही नोडचा, म्हणजे सर्व्हरचा, पत्ता टाका, पुढे ८००६ पोर्ट, की डावीकडे सगळं झाड उघडतं. वर डेटासेंटर, खाली तीन नोड, प्रत्येकाच्या पोटात त्याची मशीनं. एखादा नोड बंद असला तरी बाकीच्यांतून तेच झाड दिसतं, कारण सेटिंग्जचं एक फोल्डर सगळ्या नोडांवर सतत सारखं ठेवलं जातं.

मशीनं हलवायला फार त्रास होईल असं वाटलं होतं. तेवढा झाला नाही. २०२४ पासून इएसएक्सआयवरून, म्हणजे व्हीएमवेअरच्या सर्व्हरवरून, मशीन थेट ओढून आणायची सोय प्रॉक्समॉक्समध्येच आहे. लिनक्सवाली निमूट आली. विंडोजवाल्यांनी निळा स्क्रीन दाखवला, कारण त्यांना व्हर्टआयओची, म्हणजे खास व्हर्च्युअल मशीनांसाठीच्या पद्धतीची, डिस्क वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखताच येत नाही. त्यावरचा उतारा सोपा आहे: आधी डिस्क साटा, म्हणजे नेहमीच्या पद्धतीची, म्हणून लावायची, मशीन सुरू करायचं, ड्रायव्हरची आयएसओ (सीडीची फाइल) घालायची, जोडीला एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क द्यायची म्हणजे विंडोज ड्रायव्हर खरोखर लोड करतं, आणि मग मूळ डिस्कही व्हर्टआयओवर न्यायची. तिसऱ्या मशीनपर्यंत हात बसतो.

या आयएसओनं नंतर मला तोंडघशी पाडलं. एका नोडचा पंखा घरघरायला लागला होता, म्हणून त्यावरचं अकाउंट्सचं मशीन, नंबर १०४, भर कामाच्या वेळी दुसरीकडे हलवायचं ठरवलं. बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मुद्दाम बोलावलं, म्हटलं, बघच आता. मायग्रेट दाबलं आणि लाल अक्षरांत नकार. सीडी ड्राइव्हमध्ये ती ड्रायव्हरची आयएसओ तशीच अडकवून ठेवलेली, आणि आयएसओ त्या नोडच्या स्वतःच्या डिस्कवर. मशीन जाईल, पण त्याची सीडी कशी जाणार? सहकारी काही बोलला नाही, नुसता हसला.

आयएसओ काढली, पुन्हा दाबलं. आमच्या डिस्का एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या एका जागी, सामायिक आहेत, त्यामुळे जायची होती ती फक्त रॅम, सोळा जीबी. खाली लॉग सरकायला लागतो: इतकी गेली, तितकी उरली. मशीन चालूच असतं, त्यामुळे रॅमच्या गेलेल्या पानांतली (तुकड्यांतली) काही तेवढ्यात बदलतात, ती पुन्हा पाठवावी लागतात, आणि उरलेलं अगदी थोडं झालं की मशीन क्षणभर थांबवून शेवटचा घास पलीकडे जातो. शेवटच्या ओळीत डाउनटाइम लिहून आला, ६१ मिलिसेकंद. दुसऱ्या खिडकीत, मशीन उत्तर देतंय ना हे सतत विचारणारं, पिंग लावून ठेवलं होतं, त्यातली एक ओळ किंचित रेंगाळली, बस. अकाउंट्सवाल्यांना पत्ताही नाही. एक मात्र सांगते, नोडांचे प्रोसेसर वेगवेगळ्या पिढ्यांचे असतील तर मशीनचा प्रोसेसर टाइप ‘होस्ट’, म्हणजे त्या नोडच्या प्रोसेसरसारखाच, ठेवू नका. नव्यावरून जुन्यावर गेलेलं मशीन कोसळू शकतं.

आता माझी खरी फजिती. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या नोडांच्या गटात, नवा नोड घ्यायचा तर त्यावर एकही मशीन असता कामा नये, कारण दोन्हीकडे १०१ नंबर असेल तर कुणाचा खरा मानायचा? नियम रास्त आहे. पण त्यामुळे आमचा तिसरा सर्व्हर रिकामा होईपर्यंत बाहेरच राहिला आणि काही आठवडे क्लस्टर दोघांचाच चालला. त्याच दिवसांत रॅम वाढवायला मी एक नोड बंद केला. सगळी मशीनं आधीच दुसरीकडे नेली होती, त्यामुळे निर्धास्त. तेवढ्यात कुणीतरी टेस्टिंगचं मशीन बंद करून पुन्हा चालू करायला गेलं, तर ते उठेचना. संदेश असा: ‘क्लस्टर नॉट रेडी, नो कोरम?’ शेवटी प्रश्नचिन्ह, जणू तोच मला विचारतोय.

कोरम म्हणजे बहुमत. दोन नोडांची दोन मतं, बहुमतासाठी दोन्ही लागतात. एक गेला की उरलेला स्वतःला अल्पमतात समजतो आणि ते सेटिंग्जचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं करून टाकतो. चालू असलेली मशीनं चालूच राहतात, पण नवं काही सुरू होत नाही, काही बदलता येत नाही. तेव्हा राग आला. नंतर विचार केल्यावर पटलं. मधली केबल तुटून दोघांनीही आपणच मालक समजून एकच मशीन दोन्हीकडे सुरू केलं असतं, तर सामायिक डिस्कची वाट लागली असती. अपेक्षित मतं एकवर आणायची एका ओळीची कमांड आहे. ती मारली, मशीन उठलं. दुसऱ्या दिवशी पडून असलेल्या एका छोट्या कॉम्प्युटरला क्यूडिव्हाइस, म्हणजे फक्त मत देणारा साक्षीदार, बनवून तिसरं मत दिलं. हे काम आधी करायचं असतं, आणि मॅन्युअलमध्ये ते स्वच्छ लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.

लहानसहान गोष्टींत या टूलची समज दिसते. मशीन डिलीट करताना नुसतं ‘येस’ चालत नाही, त्याचा नंबर हातानं टाइप करावा लागतो. त्या दोन सेकंदांत माझं एक चुकीचं मशीन वाचलं आहे. खाली टास्क लॉग असतो, कुणी, केव्हा, काय केलं. पूर्वी ‘मी नाही केलं’ असं चौघं सांगायचे, आता विचारावंच लागत नाही. टेस्टिंगवाल्यांसाठी त्यांच्या मशीनांचा एक पूल, म्हणजे गट, केला आणि त्यावर त्यांना चालू-बंद आणि कन्सोलपुरते हक्क दिले. ‘जरा रिस्टार्ट मार ना’ म्हणणारे रात्रीचे फोन जवळजवळ बंदच झाले. माझ्यासाठी तरी हा सगळ्यात मोठा फायदा.

बॅकअपसाठी वेगळा प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर आहे, २०२० पासून. तो बदललेले तुकडेच पाठवतो आणि सारखे तुकडे एकदाच साठवतो. मशीन बंद करून चालू केलं की पुढच्या खेपेला अख्खी डिस्क पुन्हा वाचली जाते, तेव्हा वेळ लागला म्हणून घाबरू नका. स्नॅपशॉटला, म्हणजे मूळ डिस्कसोबतच राहणाऱ्या मशीनच्या क्षणचित्राला, बॅकअप समजणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. सबस्क्रिप्शन नसेल तर प्रत्येक लॉगिनला तशी सूचना टाळक्यात बसते. फुकट मिळतंय म्हटल्यावर तक्रार कसली, पण दिवसातून दहादा? डिस्क वाढवायची तर ‘किती वाढवू’ असं विचारतात, ‘किती करू’ असं नाही. मी एकदा शंभरची दोनशे करायला गेले आणि तीनशे करून बसले. आणि कमी करायचं बटण नाही.

दुसऱ्या शाखेचा क्लस्टर वेगळा आहे. दोन्ही एकत्र बघायला प्रॉक्समॉक्सचाच डेटासेंटर मॅनेजर आहे, त्याची अल्फा आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली होती. एका क्लस्टरमधलं मशीन दुसऱ्यात त्यातून पाठवता येतं. मी ते एका बिनमहत्त्वाच्या मशीनवर करून पाहिलं, नीट गेलं. अकाउंट्सचं पाठवायला अजून मन होत नाही.

एक्सेल शीट मात्र मी ठेवली आहे, एका मशीनपायी. १०७. झाडात दिसतं, दोन जीबी रॅम, प्रोसेसर एक टक्का, नेटवर्कचा आलेख दर पाच मिनिटांनी जरासा उचलतो. नोट्सचा चौकोन रिकामा. शीटमध्ये ‘कुणी मागितलं’ या रकान्यात लिहिलंय ‘सर’. आमच्याकडे सर सहा आहेत, सहाही जणांना विचारून झालं.